बाराव्याचं पान

आमच्या घरात मार वेळेवर मिळायचा. जेवण मागेपुढे व्हायचं, मार नाही. आजा, म्हणजे माझ्या बापाचा बाप, जोमा पाटील, सकाळी उठला की आधी खोकायचा, मग थुंकायचा आणि मग कोणाला तरी बोलवायचा. ज्याचं नाव निघालं त्यानं समजून घ्यायचं. बैलाला वेळेवर सोडलं नाही म्हणून दामूकाकाला, चहात साखर कमी म्हणून काकीला आणि काहीच सापडलं नाही तर माझ्या आईला. आईचं नाव गोमी. ती उरणकडच्या कोळ्यांची मुलगी, खाडीपलीकडून आमच्या आगऱ्यांच्या घरात आलेली. हे लग्न कसं जमलं तो वेगळा तमाशा आहे, इथे सांगत नाही. आज्याला ती सून म्हणून कधी पटली नाही एवढं खरं. मार खाताना ती ओरडायची नाही, आणि त्याचाच त्याला जास्त राग यायचा. माझा बाप लोखंडबाजारात हमालीला जायचा, चार माणसांचं ओझं एकटा उचलायचा, पण बापासमोर त्याचा हात वर उठत नसे. घरात बायकोवर मात्र उठायचा. हे मी आता रागानं लिहीत नाही असं म्हणाले तर खोटं होईल. रागानंच लिहिते आहे.

कळंबोलीला तेव्हा नुकते ट्रक येऊन उभे राहायला लागले होते. आमचं गाव त्याच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी होतं. भातशेती आणि थोडी मासेमारी. आता मी रोडपालीला पाचव्या मजल्यावर राहते. नातू विचारतो, आजी, तुमचं घर कुठे होतं, तर मी खिडकीतून ट्रकांचा तळ दाखवते. तो म्हणतो, तिथे तर टायर पडलेत. पडू देत बापडे. त्या जागेत टायरच शोभतात.

घरात आज्याच्या बरोबरीचं एकच माणूस होतं, त्याची मोठी बहीण. आम्ही सगळे तिला बाय म्हणायचो. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन परत आलेली आणि मग कधी कुठे न गेलेली. आज्याची आई लवकर वारली तेव्हा बायनंच त्याला कडेवर वाढवलं होतं. साऱ्या जगावर काठी उगारणारा हा माणूस तिच्यापुढे मात्र शेळी व्हायचा. ती त्याला 'जोम्या' म्हणायची, शिव्या घालायची, 'जोम्या, तुला जल्मून कोनाचा भला झाला रं' असं तोंडावर विचारायची, आणि तो हसायचा. त्याला हसताना मी तेवढंच पाहिलं आहे. आईला मार बसला की बायच खोबरेल तेल गरम करून आणायची. भावाला मात्र आवरायची नाही. म्हणायची, 'हात तेचा हाय गो, मी कं करू?' मला त्या वयात ते पटायचं. आता पटत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी, आगोटीला, आईच्या माहेराहून दरवर्षी सुकं मावरं यायचं. मावरं म्हणजे मासळी. खारवलेले बांगडे, वाकट्या, बोंबील, जवळा. मामा होडीनं घेऊन यायचा. ते आलं की दोन दिवस घरभर असा वास सुटायचा की वाटेवरचे लोक नाक दाबायचे आणि आमच्या जिभेला पाणी सुटायचं. पावसात होड्या बंद, बाजारही दूर, तेव्हा हेच खायचं. पण त्या मावऱ्यावर आईचा अधिकार नव्हता. सून माहेरचं म्हणून वाटून टाकेल असा आज्याचा कायमचा संशय. म्हणून त्यानं पत्र्याचं एक मोठं पिंप आणलं होतं. ते त्याच्या खोलीत, बियाण्याच्या भाताच्या कणगीशेजारी असायचं, कुलूप लावून. किल्ली करगोट्याला. आईला कालवण करायचं असेल तर दाराशी उभं राहून मागायचं. तो आतून मोजून चार वाकट्या हातावर ठेवायचा, भिकाऱ्याला ठेवतात तशा. आई त्या तीन पाण्यांनी धुवायची, डोकी काढायची, चिंच घालून कालवण करायची.

म्हाताऱ्यांची तऱ्हा वेगळी. बायला आणि आज्याला दुपारी निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा लागायचा, तांदळाच्या भाकरीबरोबर. तोही न धुता. धुतला की त्याचा जीव जातो, असं बाय म्हणायची. खाऱ्या बांगड्यावर मिठाची पांढरी बुरशी धरलेली असते, ती तशीच निखाऱ्यावर तडतडायची. आमच्या गावात सगळे म्हातारे तसाच खायचे. तोंडातले दात पडायला लागले की माणसाला चव फक्त मिठाची कळते. दुपारी ओट्यावर दोघं समोरासमोर बसायची, मधे मातीची तवली, तवलीत निखारे. बाय बांगडा उलटायची, काटे काढायची आणि भावाच्या भाकरीवर मांस ठेवायची. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ती भरवायचीच म्हणा ना.

त्या वर्षी पावसाळ्याच्या मध्यावर मामा अचानक आला. खाडीला उधाण होतं, तरी आला. त्याच्या बायकोला मुलगा झाला होता, त्याची बातमी. आईला एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता. भाऊ आला आहे, त्याला जेवायला घालायचं, तर घरात नुसता भात आणि अळू. ती आज्याच्या दाराशी गेली आणि म्हणाली, मामा, माझ्या भावाला दोन बांगडे द्या, त्यानंच आणलेत. सासऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. आज्यानं आतून शिवी दिली. आई तिथून हलली नाही, पुन्हा मागितलं. दुसऱ्यांदा मागितलं हाच तिचा गुन्हा. दाराचा अडसर काढून तो बाहेर आला आणि भावासमोर तिच्या पाठीवर, खांद्यावर, पडल्यावर मांडीवर हाणत सुटला. माझा मामा मधे पडला, त्याच्याही हातावर एक बसला. पाहुण्याचा हात सुजला आणि तो पाणीसुद्धा न पिता पावसात होडी ढकलून निघून गेला. तेव्हा आई पहिल्यांदा ओरडली. अंगणात, सगळ्या आळीच्या देखत. म्हणाली, 'तेच मावरं तुमचा नरडा धरूं दे.'

शेजारणींनी ऐकलं. आळीतल्या बायांना असं काही ऐकायला मिळालं की त्या ते उन्हाळ्याच्या वाळवणासारखं जपून ठेवतात.

त्यानंतर फार दिवस गेले नसतील. भर दुपार होती, पाऊस उघडला होता. आईनं भाकऱ्या भाजून दिल्या, मी त्या ओट्यावर नेऊन ठेवल्या. दोघांनी खाल्लं. आजा पिंपाच्या तळाचे मोठे बांगडे काढून खूश होता, कारण वरचे संपत आले होते. मी मागच्या दारी भांडी घासत होते. आधी तवली फुटल्याचा आवाज आला. मला वाटलं, चला, सुरू झालं. कोणाला तरी पडतायत. ओट्यावर आले तर बाय निखाऱ्यांत आडवी पडली होती आणि तिचं अंग धनुष्यासारखं वाकून आपटत होतं. टाचा आणि डोकं जमिनीला, मधलं अंग वर. तोंडातून फेस, दातखीळ, डोळे उघडे. लुगडं पेटलं होतं, मी ते हातानं विझवलं. आजा भिंतीला धरून उठायला बघत होता, उलटी करत होता, आणि मग तोही कोसळला. त्याचे पाय ओट्याच्या कडेवर असे आपटत होते की घोटे फुटून रक्त आलं. दोन म्हातारी, वाळलेली माणसं, आणि त्यांच्या अंगात कुठून आली ती ताकद कोण जाणे. मी, आई आणि काकी, तिघींना मिळून बाय आवरेना. आईनं पदराची घडी करून तिच्या दातांत घातली, तर बायनं आईचं बोट चावून फोडलं.

आळी जमली. कोणी म्हणालं भगताला बोलवा, कोणी म्हणालं खाडीवरचं वारं लागलं. भगत आला, नारळ मागायला लागला. आईनं त्याला ढकललं. ही गोष्टही पुढे तिच्याविरुद्ध गेली. भगताला ढकललं म्हणजे हिला माहीत होतं! ती धावत रस्त्यावर गेली आणि सळ्या भरलेल्या एका ट्रकपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली. ड्रायव्हर पंजाबी होता, तो खाली उतरून शिव्या द्यायला लागला, मग तिचं रक्ताचं बोट बघून त्यानं मागचं फाळकं उघडलं. सळ्यांवर पोती टाकली, पोत्यांवर दोघांना ठेवलं आणि आम्ही पनवेलला निघालो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला बायचं डोकं माझ्या मांडीवरून उडायचं. पनवेलच्या वेशीशी ते उडायचं थांबलं. मला वाटलं, बरं वाटतंय. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि बायच्या तोंडावर पदर ओढला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आज्याला आत घेतलं आणि बाहेर येऊन विचारलं, काय खाल्लं होतं. आईनं सरळ सांगितलं, भाजलेला बांगडा आणि भाकरी, भाकरी मी केली. बाई म्हणाल्या, हे शिळ्या अन्नाचं नाही, विष गेलंय पोटात, घरात फवारणीचं औषध वगैरे काय ठेवता? तेवढ्यात दामूकाका आणि माझा बाप धावत आले होते. काकानं त्यातला एकच शब्द ऐकला. 'विष.' आणि त्याला आधीचाही एक शब्द आठवला असणार, नरडा. त्यानं तिथेच, दवाखान्याच्या ओसरीत, आईचे केस धरले. मी मधे गेले. मला वाटलं, बाबा आता त्याला अडवेल. बाबानं मला बाजूला फेकलं आणि पहिला फटका त्यानंच मारला. बंद मुठीचा. लोखंड उचलणाऱ्या माणसाची मूठ होती ती. आईचे पुढचे दात तिथेच फरशीवर पडले. ते वॉर्डबॉयनं झाडूनं लोटून नेले.

घरी आणल्यावर जे झालं ते मी सबंध लिहिणार नाही. तिला बकऱ्यांच्या गोठ्यात खांबाला बांधलं. आळीतल्या बाया, ज्यांच्या बाळंतपणात ती रात्रंदिवस बसली होती त्या, येऊन थुंकून गेल्या. काकीनं जळकं लाकूड आणलं होतं. मी ते हिसकावून काकीच्याच हातावर दाबलं. बाबा मला ओढायला आला तर मी त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की त्याची खूण तो मरेपर्यंत होती. सरणावर ठेवला तेव्हाही मी ती पाहिली. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. पोलीस आले नसते तर त्यांनी तिला मारूनच टाकलं असतं. हवालदारानं दोरी सोडवली, तिच्या चुलीवरची भांडी जप्त केली आणि विचारपूस केली. आळीनं एका तोंडानं सांगितलं, हिनं शाप दिला होता. हवालदार म्हणाला, शापावर गुन्हा होत नाही, म्हातारा शुद्धीवर आला की त्याचा जबाब घेऊ, त्याच्यावर सगळं आहे.

म्हणजे माझ्या आईचा जीव आता आज्याच्या जिभेवर होता. ज्या जिभेवर तिच्यासाठी शिवीशिवाय कधी काही आलं नव्हतं.

बायला जाळून आलो. दवाखान्यात म्हाताऱ्याजवळ बसायला बायकामाणूस हवं होतं. काकीचा हात मीच भाजलेला, मग मलाच पाठवलं. आजा दोन दिवस बेशुद्ध होता, हातपाय खाटेला बांधलेले. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले आणि पहिल्यांदा बाय कुठे म्हणून विचारलं. मी सांगितलं. लपवायचं कशाला? त्यानं मान भिंतीकडे वळवली. मग त्यानं बांधलेला हात ओढून ओढून कंबरेकडे नेला, किल्ली चाचपली, आणि मला जवळ ये म्हणाला. मला वाटलं पाणी हवंय. तो माझ्या कानाशी म्हणाला, 'तू धावी शिकलीस ना? मंग सांग. बियान्याच्या भाताला लावतात ती पावडर... निखाऱ्यावर जलून जातंय ना?'

दहावी झालेली मी, पण मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गेल्या पावसाळ्यात पिंपातल्या मावऱ्याला किडे झाले होते. शेजारी कणगीत बियाण्याचं भात, त्याला पावडर लावलेली, त्यात एक किडा नाही. म्हाताऱ्यानं विचार केला असेल, भाताला चालतं तर मावऱ्याला का नाही? भात पेरतो आणि मासा खातो हा फरक काही त्याच्या डोक्यात आला नाही. आणि आला असेल तरी आग आहे की, आगीत सगळं जळतं! आमच्या सगळ्या म्हाताऱ्यांचा आगीवर फार विश्वास. मूठ मूठ पावडर त्यानं थरांमधे पसरली होती, तळाला सगळ्यात जास्त. मिठाच्या पांढऱ्यात ती दिसली नाही. आमच्या वाट्याच्या वाकट्या आई तीन पाण्यांनी धुवायची म्हणून आम्ही नुसते डोकेदुखीवर वाचलो. आजही मी वर्तमानपत्रात कुठे दोन ओळी वाचते की अमक्या गावात वृद्ध दांपत्याचा विषबाधेनं मृत्यू, तर त्या दोन ओळींच्या मागे कोणाची सून गोठ्यात बांधली आहे का, हेच माझ्या मनात येतं. गावातल्या म्हाताऱ्या घरांत विष बाहेरून यावं लागत नाही. ते कणगीशेजारी असतंच, खताच्या पिशवीत नाहीतर तेलाच्या जुन्या बाटलीत.

मी म्हणाले, आजा, हे तुम्ही हवालदाराला सांगा. त्यानं डोळे मिटले. दुपार कलल्यावर हवालदार आला. काका आणि बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे. हवालदारानं विचारलं, काय खाल्लं, कोणी दिलं? आजा छताकडे बघत म्हणाला, 'भाकरी सुनेनं केलती.'

एवढंच. खोटं एक अक्षर नाही. मी ओरडून सगळं सांगितलं, पावडर, पिंप, किल्ली, सगळं. हवालदारानं आज्याकडे पाहिलं. आजा म्हणाला, पोर आयसची हाय, आयसचाच बोलनार. आयस म्हणजे आई. बाबानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. तो लबाड होता असं मी तेव्हा म्हणायचे. आता त्याच्या वयाकडे झुकल्यावर थोडं वेगळंही दिसतं. ज्या बहिणीनं कडेवर वाढवलं तिला आपल्याच हातानं मारलं, हे त्याला स्वतःला सांगता येत नव्हतं, तर तो हवालदाराला काय सांगणार? दिसतं म्हणून मी माफ केलेलं नाही. काकानं हवालदाराच्या हातापाया पडून घरात सुतक आहे असं सांगितलं, आणि बायचं बारावं होईपर्यंत थांबायला हवालदार तयार झाला. बारावं झालं की बाईला ठाण्यात आणा म्हणाला.

दोरी सुटली तरी आईला घरात घेतलं नव्हतं, गोठ्यातच जाऊन मी तिला सांगितलं. तिचा जबडा सुजून एका बाजूला गेला होता, बोलणं नीट येत नव्हतं. तिनं मला एकच विचारलं, आणखी कोणासमोर बोलला का. मी म्हणाले, नाही. मग गप्प बस म्हणाली. मला वाटलं, हिनं हाय खाल्ली. मी रडले, तिला शिव्या घातल्या, म्हणाले मी पिंप फोडते. ती म्हणाली, फोडशील तर म्हणतील आयसनं आता घातली.

बाराव्याच्या दिवशी सगळा गोतावळा जमला. ओव्याहून, तळोज्याहून, कुठून कुठून. आज्याला दोन दिवसांपूर्वी घरी आणलं होतं, तो अंगणात बाजल्यावर काठी घेऊन बसला होता. आमच्याकडे बाराव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं पानावर वाढतात, मासळी, कोंबडी, कोणाला आवडत असेल तर दारूही. पान कुडाच्या भिंतीवर ठेवतात. कावळा शिवला की माणूस जेवलं असं समजायचं, आणि मग त्याच पदार्थांचा घास सगळ्यांच्या ताटात प्रसाद म्हणून जातो, तान्ह्या पोरांच्याही जिभेला लावतात. पान ठेवलं. कावळे समोरच्या आंब्यावर ओळीनं बसलेले, पण एक खाली येईना. काकानं हात जोडले, बायला विनवलं, काय चुकलं ते सांग म्हणाला. तेव्हा गोठ्याच्या दारातून आई बोलली. बारा दिवसांत चारचौघांसमोर पहिल्यांदा. तुटक तुटक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

'बायचा भाजलेला बांगडा पानाव कुठं हाय?'

सगळ्या बाया कुजबुजल्या, खरं आहे, खरं आहे, बायला बांगड्याशिवाय घास उतरायचा नाही. जमातीतला एक म्हातारा म्हणाला, काढा की मग, जोमाच्या पिंपात हायत. सगळे आज्याकडे वळले. आजा म्हणाला किल्ली दवाखान्यात हरवली. काका म्हणाला, किल्लीला काय करायचं, आणि पहार घेऊन आत गेला; माझं पावडरीचं बोलणं त्यानं खोटंच धरलं होतं. कुलूप तुटल्याचा आवाज बाहेर आला. काकीनं निखारे केले, बांगडे टाकले, न धुता, बायला लागायचे तसे. एक पानासाठी आणि बाकी पंगतीसाठी. सगळ्या अंगणात तो वास पसरला. मी गोठ्याकडे धावले. आईनं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, कोनाच्या तोंडात जायच्या आदी मी सगली ताटं पाडीन, तू तेच्याकडं बघ.

मी आज्याकडे पाहिलं. तो घामानं भिजला होता. ओठ हलत होते. काकीनं बांगडा पानावर ठेवला. सगळे मागे सरकले. आंब्यावरून एक मोठा डोमकावळा उडाला, भिंतीवर बसला, मान तिरकी करून बघितलं आणि उड्या मारत पानाजवळ आला. बायांनी हात जोडले, आली गो बाय, आली. कावळ्यानं चोच खाली घातली.

आजा बाजल्यावरून उठला. ज्याला दोघांनी धरून बसवायला लागायचं तो उठला आणि त्यानं काठी फेकली. साऱ्या जन्मात त्याचा नेम चुकला नव्हता, तेव्हाही चुकला नाही. काठी कावळ्याच्या पंखावर बसली, कावळा भिंतीवरून खाली पडून धुळीत फडफडायला लागला. बाराव्याच्या पानावरच्या कावळ्याला मारणं म्हणजे काय, हे परक्याला सांगून कळणार नाही. एक बाई किंचाळली. काकानं बापाला धरायला हात पुढे केला, तर आजा त्याला ढकलून भिंतीपाशी गेला, पान उलटं केलं, बांगडा पायाखाली चिरडला आणि त्या पडलेल्या पाखरासमोर गुडघ्यावर बसला.

'नको खाव बाय, नको खाव. मीच पावडर घातलीय तेच्यात.'

आणि मग तो रडायला लागला, लहान पोरासारखा, हुंदके देत. सुनेला तुरुंगात पाठवायला तो तयार होता. नातवंडांच्या ताटात तो मासा जाताना बघत बसला होता. पण बहिणीला दुसऱ्यांदा विष घालायला त्याचा हात धजावला नाही. त्याच्या आत माया होती ती एवढीच होती, आणि ती सगळी एकाच माणसाला देऊन झाली होती. काकीच्या हातातलं ताट खाली पडलं. काकानं आत जाऊन पिंप बाहेर आणलं, उपडं केलं. बांगड्यांबरोबर तळाची पांढरी भुकटी अंगणात पडली. तिचा वास कणगीतल्या भातासारखा होता, शेतकऱ्याच्या घरात तो वास न ओळखणारं कोणी नव्हतं. काकानं संध्याकाळी हवालदाराला जाऊन काय सांगितलं मला माहीत नाही. हवालदार आमच्या घरी परत आला नाही.

पण त्या क्षणी अंगणात माझ्या आईकडे कोणी बघेना. शेवटी तोच जमातीतला म्हातारा खाकरला आणि म्हणाला, झालं ते झालं, पानं मांडा, माणसं उपाशी हायत. आमच्याकडे माफी मागायची पद्धत नाही, जेवायची आहे. पुरुषांची पंगत बसली. वरण, भात, वडे, कोंबडीचा रस्सा वाढायला काकी उभी राहिली.

तेव्हा आई गोठ्यातून बाहेर आली. विहिरीवर गेली, दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं, ओल्या लुगड्यानं तशीच अंगणात आली आणि पुरुषांच्या पंगतीत, पहिल्या पाटावर, जिथे आज्याची जागा असायची तिथे बसली. बाईमाणूस पुरुषांच्या आधी कधी बसलेलं त्या आळीनं पाहिलं नव्हतं. काका तिला उठवायला पाटावरून उठला आणि तिच्या तोंडाकडे बघून परत बसला. काकी वाढायला वाकली, तर आईनं पानावर हात आडवा धरला. माझ्या बापाकडे पाहिलं. म्हणाली, 'तू वाढ.'

बाबा उठला. काकीच्या हातातलं भांडं घेतलं आणि वाकून तिच्या पानात भात वाढला. वरण वाढलं. थोडं वरण मातीत सांडलं. तिच्या तोंडात पुढचे दात नव्हते, जबडा बसत नव्हता. ती एकेक घास बोटांनी कालवून, दाबून, आत ढकलायची आणि तसाच गिळायची. पंगतीचा नियम असा की शेवटच्या माणसाचं जेवण संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. बाकीच्यांची पानं कधीच संपली होती. हात वाळले, पानांवर माश्या बसायला लागल्या. तिनं बाबाला आणखी भात मागितला. त्यानं वाढला. ती सावकाश जेवत राहिली आणि कोणी उठलं नाही.